गो., शं., पै., घा.

मिरजेत दवाखाना काढणाऱ्यानं एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. इथल्या माणसाला डॉक्टरचं अप्रूप नसतं. विल्यम वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९० च्या दशकात इथं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून या गावात पेशंट उतरतायत. कोकणातून, कर्नाटकातून, रेल्वे भरभरून. हातातलं एक्स-रेचं पाकीट बघूनच रिक्षावाला कुठल्या गल्लीत न्यायचं ते ठरवतो. अशा गावात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून पाटी लावली. सुरुवातीला आलेल्या एका बाईंनी पाटी दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हंजे तुम्ही गोळ्या देत न्हाई, इंजेक्शन देत न्हाई. मग देता काय?"

"व्यायाम," मी म्हटलं.

"ते घरी असतंयच की," असं म्हणून त्या समोरच्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर माझंच नाव होतं. त्या परत आल्या त्या माझ्यावर रागावूनच.

व्यायाम देणं सोपं असतं, ही माझी कॉलेजातली समजूत. गुडघेदुखीचा पहिला व्यायामच घ्या. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, दहा मोजेपर्यंत दाबून ठेवायची आणि सोडायची. असं दहा वेळा. सांधा हलत नाही, पण मांडीचा पुढचा स्नायू कामाला लागतो, आणि तो बळकट झाला की जिना उतरताना गुडघ्यावरचा भार बराचसा तोच उचलतो. यात न कळण्यासारखं काय आहे? मी एक कागद तयार केला, शंभर झेरॉक्स काढल्या आणि येईल त्याच्या हातात एकेक ठेवत गेले.

कागदावर चित्र होतं. कुठल्याशा परदेशी पुस्तकातली एक सडपातळ तरुणी तंग कपड्यांत पलंगावर पाय पसरून हसत होती. माझ्या पेशंटांत एक आक्का आहेत, नऊवारी नेसणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाल्या, "हिला काय झालंय गं? हिचं सगळं बरं दिसतंय की." शिवाय आक्कांच्या घरी पलंग नव्हता. जमिनीवरच्या गादीवर बसायचं आणि उठायचं हेच तर त्यांचं दुखणं होतं. त्यावरचा व्यायाम मी त्यांना गादीवर बसून करायला सांगत होते.

मग लक्षात आलं की कागदावरचे 'दहा' हे प्रत्येकाच्या घरी वेगळे होतायत.

सतारमेकर गल्लीतले एक कारागीर माझ्याकडं येत. सगळं आयुष्य जमिनीवर गेलेलं, एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा उभा आणि पुढ्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा. दर अर्ध्या तासानं उठून दोन पावलं चाला, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "जवारी लावताना उठलं तर सूर बसतोय व्हय?" बरं, ते राहू दे, निदान गुडघा तरी दाबा. दोन दिवसांनी आले ते मांडीला हात लावून. पेटके येत होते. माझ्यासमोर करायला लावलं, तेव्हा उलगडा झाला. ते मोजत होते तंबोऱ्यावर. चारही तारा एकेक करून छेडून झाल्या, त्यांचा नाद विरला, की 'एक'. असे दहा. त्यांच्या दहात आमच्या शेजारच्या सीएंचे शंभर मावले असते. सीए एका श्वासात दहा मोजून टॉवेल मोकळा करत, मार्च महिन्यात तर आणखी लवकर.

दुसरा नमुना तालमीतला. विशीतला पोरगा, गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेलं. 'दहा वेळा' ऐकल्यावर त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "दहाच? मॅडम, दहा बैठका आमी चप्पल हुडकताना मारतो." घरी जाऊन त्यानं पाचशे वेळा गुडघा दाबला, त्यानं बरं वाटलं म्हणून बैठकाही सुरू केल्या, आणि पुढच्या खेपेला गुडघा कलिंगडाएवढा घेऊन आला. शेवटी मी त्याच्या वस्तादांना बोलावलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या चार वर्षांच्या पदवीत कुणी न शिकवलेलं वाक्य सांगितलं : "याला किती मारायच्या ते सांगू नगा. किती मारायच्या न्हाईत, ते सांगा."

आणि आक्का? आक्का दहाही करत नव्हत्या. "हो गं बाळ, करते की," असं इतक्या मायेनं म्हणत की पुढं विचारायची लाज वाटावी. वर येताना भडंगाची पुडी आणत. एकदा शंका येऊन मी टेपनं त्यांच्या मांडीचा घेर मोजला. जिथल्या तिथं होता. माझा मोजला असता, तर भडंगानं वाढलेला निघाला असता.

याच कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक वाक्य होतं : 'दुखल्यास थांबा.' माझ्या मते कागदातलं सगळ्यांत निरुपद्रवी वाक्य. बँकेत कॅशियर असलेल्या एका बाईंनी ते वाचलं आणि व्यायाम सुरू करण्यापूर्वीच थांबल्या. त्यांना कंबरदुखी होती आणि 'चकती सरकलीय' असं कुणीतरी सांगितल्यापासून त्या वाकल्याच नव्हत्या. पेन पडलं तर शिपायाला हाक मारत. उलट सांगलीच्या हळदीच्या पेठेतले एक हमाल, त्यांनी हे वाक्य मोठ्यानं वाचलं आणि हसून हसून बाकावर टेकले. "दुखल्यावर थांबायचं म्हटलं तर मी चौदाव्या वर्षीच थांबलो असतो, मॅडम." जड उचलू नका म्हटल्यावर त्यांनी मला धीर दिला, "न्हाई न्हाई, हलकंच उचलतोय. पन्नास किलोचं."

दुखणं मोजायची आमच्याकडं एक पट्टी असते. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. हमालांना विचारलं, दहापैकी किती? ते म्हणाले, "बारा आणे." मी वहीत साडेसात लिहिले. आक्का म्हणाल्या, "तुझ्या मनानं लिही." एक निवृत्त मास्तर होते, गणित शिकवलेले, ते डोळे मिटून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "सहा पूर्णांक चार. पण विश्रांतीच्या स्थितीत विचारताय की हालचालीच्या?"

मास्तरांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. 'पाय पंचेचाळीस अंशांत उचला' असं मी एकदा बोलून गेले, तर त्यांनी घरी पत्नीला कोनमापक घेऊन पलंगाशेजारी उभं केलं. पुढच्या वेळी पत्नीच आल्या, खांदा धरून.

इथं कानडी पेशंटही पुष्कळ येतात. कागवाड, अथणी, रायबाग जवळच. मला कानडीतले मोजून तीन शब्द येतात : वर म्हणजे 'मेले', खाली म्हणजे 'केळगे', पुरे म्हणजे 'साकु'. एकदा पडद्यामागं एका आजोबांचा हात भिंतीवर बोटांनी चढवत होते. खांदा आखडलेला असला की बोटांनी भिंत चढायचा हा व्यायाम देतात. आजोबा अर्ध्यावर अडले. मी उत्साहात ओरडले, "मेले! मेले! अजून मेले!" बाहेर बाकावर मराठी माणसं होती. पडदा बाजूला करून मी बाहेर आले, तेव्हा दोघं पायात चपला सरकवत होते आणि आक्कांनी डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले होते.

अशा वेळी मी स्वतःला रॉबिन मॅकेन्झी यांची गोष्ट सांगते. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचे हे फिजिओथेरपिस्ट. १९५६ साली त्यांनी पाय दुखणाऱ्या एका पेशंटला आत जाऊन टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचं एक टोक आधीच्या पेशंटसाठी उचलून ठेवलेलं होतं. त्या भल्या माणसानं सांगितलेलं ऐकलं आणि कंबर मागं वाकलेल्या अवघड अवस्थेत तसाच पडून राहिला. मॅकेन्झी कामात अडकले. काही मिनिटांनी आले ते बघून हादरले. पेशंट मात्र म्हणाला, गेल्या कित्येक आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यातून पाठीच्या उपचारांची एक पद्धत उभी राहिली, ती आज जगभर शिकवतात. सूचनेचा असा घोटाळा माझ्याकडं रोज होतो. पद्धत एकही निघालेली नाही.

तर मग पुण्यात एक कार्यशाळा झाली. विषय होता : पेशंट बघून सूचना. व्यायाम तोच, पण सांगणं माणसागणिक वेगळं. त्याच्या दिवसात तो कुठं बसेल ते बघा, त्याला काय भीती आहे ते विचारा, सांगून झाल्यावर त्यालाच करून दाखवायला लावा. मी परतीच्या गाडीत इतकी पेटले होते की सांगली येईपर्यंत माझ्या सगळ्या पेशंटांची चार जातींत विभागणी झाली होती. (माणसागणिक वेगळं सांगा, याचा अर्थ चार गठ्ठे करा असा मीच लावला. कार्यशाळेत तसं कुणी म्हटलं नव्हतं.)

गोड : सगळ्याला हो म्हणणारे, काहीच न करणारे. शंकेखोर : कारण कळल्याशिवाय बोट न हलवणारे. पैलवान : सांगितल्याच्या पन्नासपट करणारे. घाबरट : दुखण्याच्या भीतीनं हलणंच सोडलेले. चार रंगांचे कार्ड पेपर आणले. गोडांना गुलाबी, शंकेखोरांना पांढरा, पैलवानांना लाल, घाबरटांना हिरवा. रजिस्टरमध्ये नावापुढं फक्त आद्याक्षर : गो., शं., पै., घा.

कार्डांवर मी जीव ओतला. पैलवानांच्या लाल कार्डावर वस्तादांच्या सल्ल्यानुसार फक्त 'याहून जास्त नाही' असे आकडे. हमालांनाही तेच कार्ड. त्यांच्यासाठी 'दुखल्यास थांबा' काढून टाकलं आणि लिहिलं, 'करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलंच असेल, तर निम्मं करा.' त्यांना ते पटलं. हा व्यवहार होता.

शंकेखोरांच्या पांढऱ्या कार्डावर बोर्ग यांची पट्टी घातली. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी माणसाला किती दम लागतोय ते त्यालाच विचारायची ही पट्टी केली. ती सहापासून सुरू होते आणि वीसला संपते. मास्तरांनी लगेच विचारलं, "एक ते पाच कुठं गेले?" मी सांगितलं की आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात, साठपासून दोनशेपर्यंत. मास्तरांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल पहिल्यांदाच आदर दिसला. दुसऱ्या दिवसापासून ते मैदानावर फेऱ्या मारताना अनोळखी लोकांना थांबवून त्यांचा आकडा विचारू लागले.

बाकीच्यांसाठी सोपी खूण ठेवली : चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, म्हणजे वेग बरोबर. ही खूण जगात चालते. पण या गावात उस्ताद अब्दुल करीम खाँ राहून गेलेत, दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या आठवणीत गाण्याच्या रात्री होतात. माझ्या एक पेशंट गाण्याच्या शिक्षिका निघाल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, पळत गेले तरी मला गाता येतंय. काय करू?"

घाबरटांच्या हिरव्या कार्डावर धीर द्यायचा होता. कॅशियरबाईंना मी समजावलं की पाठ अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा फुगलेल्या चकत्या दिसतात. चकती दिसली म्हणजे पाठ मोडली असं नाही. त्यांनी विचार केला. "म्हणजे न दुखणाऱ्यांनाही असतं?" आणि त्या आठवड्यात त्यांनी धडधाकट नवऱ्याचा एमआरआय करून आणला.

राहिला गुलाबी गठ्ठा. कार्यशाळेत सांगितलं होतं की व्यायाम रोजच्या एखाद्या सवयीला बांधून द्या. मी आक्कांना विचारलं, संध्याकाळी काय करता? जप. मग जपाबरोबर करा की! एक नाम, एक दाब. मला स्वतःच्या कल्पकतेचं कौतुक वाटलं. माळेत १०८ मणी असतात हे तेव्हा डोक्यात आलं नाही. "पांडुरंगाला दहावर कसं थांबवू?" असं आक्का दुसऱ्या दिवशी पडून राहून फोनवर म्हणाल्या. त्यानंतर जप चालू राहिला, व्यायाम पुन्हा बंद. फक्त आता 'करते की' म्हणताना त्या माझ्याकडं जरा भीतीनं बघत.

आणि मग तो शनिवार आला. आक्का, मास्तर, हमाल, कॅशियरबाई आणि पैलवान पोरगा, पाचही जण एका वेळी बाकावर होते, कारण मी वेळा देताना घोळ घातला होता. रिसेप्शनवरची मुलगी चहा सांगायला गेली आणि रजिस्टर टेबलावर उघडं राहिलं. मास्तर समोर बसलेले. जन्मभर विद्यार्थ्यांच्या बाकावरचं उलटं वाचत आलेला माणूस. मी आतून ऐकलं, "हे नावापुढं काय लिहिलंय?"

"गो. म्हणजे गोड असणार," मास्तर म्हणाले.

"माझ्यापुढं गोड?" आक्कांचा आवाज. "म्हंजे मला शुगर हाय?"

हमालांनी आपल्या नावावर बोट ठेवलं. "पै. म्हंजे पैसे ऱ्हायलेत वाटतं." आणि खिशात हात घातला. पैलवान पोरगाही खिसे चाचपू लागला. कॅशियरबाई टेबलाशी गेल्या, कंबरेतून पूर्ण वाकल्या, नाक रजिस्टरला लागेपर्यंत. माझ्यासमोर त्या कधी पंधरा अंशही वाकल्या नव्हत्या. पण ते बघून आनंद मानायला मला वेळ मिळाला नाही, कारण तशाच वाकलेल्या अवस्थेत त्यांनी किंकाळी फोडली, "घा.? घातक आहे का?"

मी पडद्यातून बाहेर आले. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगायचं, तर चारही गठ्ठ्यांना एकाच वेळी दुखवावं लागणार होतं, आणि फिजिओथेरपीत चारही अवयव एकदम घेत नाहीत. कॅशियरबाईंना मी म्हटलं, घा. म्हणजे घाई नको. त्यांनी हिरवं कार्ड छातीशी धरलं. हमालांचे पैसे परत केले असं लिहायला आवडलं असतं. ते पुढच्या सिटिंगांच्या हिशेबात धरले. मास्तरांकडं वळले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पण ते प्रसन्न होते. "माझं मला कळलं," ते म्हणाले. "शं. म्हणजे शंभर टक्के." जन्मात पहिल्यांदा त्यांना कशाबद्दल शंका आली नव्हती. मी कशाला काढू?

राहिल्या आक्का. मी त्यांना तिथंच सांगितलं, आक्का, तुम्हाला शुगर नाही, गोड म्हणजे गोड स्वभाव. त्यांनी मान हलवली. "हो गं बाळ, कळलं की." आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हे त्यांचं नेहमीचं 'करते की' आहे. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. आई चहा बिनसाखरेचा मागतेय, तुम्ही नक्की काय सांगितलंत? मी म्हटलं, तपासून घ्या, मनातलं जाईल. उपाशीपोटीचं रक्त तपासलं, रिपोर्ट अगदी व्यवस्थित. पण रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत शुगरच्या धास्तीनं आक्कांनी सकाळ-संध्याकाळ, टॉवेलची गुंडाळी, दहा मोजून दहा, एकही खाडा न करता गुडघा दाबला होता. मोलकरणीला चित्र दाखवून तिच्याकडूनही करून घेतलं होतं.

आता आक्का कठडा न धरता जिना चढतात आणि भेटेल त्याला सांगतात की मॅडमच्या व्यायामानं माझी शुगर गेली. व्यायामानं शुगर आटोक्यात राहायला मदत होते हे खरं, पण नसलेली शुगर घालवणारी मी एकटीच असेन. किती वेळा समजावलं, तर म्हणतात, "तू लाजतीस." परवा त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या दोघी पाठवल्या. गुडघे दोघींचेही ठणठणीत. बाकावर टेकायच्या आधीच थोरलीनं विचारलं, "गोडाचा गुलाबी कागद इथंच मिळतो न्हवं? दोन द्या. आणि एक जाऊबाईसाठी."